उपचार अर्ध्यावर कसे सोडावेत: सुरतवासी नवशिक्यांसाठी

मनाच्या आजाराची औषधे मध्येच कशी सोडावीत हे शिकवणारी पुस्तिका बाजारात नाही, ही उणीव आम्हाला फार दिवस खुपत होती. लोक आपले विनामार्गदर्शन सोडतात. कोणी चौथ्या दिवशी, कोणी चौथ्या महिन्यात, तर कोणी चिठ्ठी हातात पडताच दवाखान्याच्या फाटकातून परस्पर घरी. इतक्या लोकप्रिय विषयाला थोडी शिस्त असावी, म्हणून हा प्रपंच.

आधी आपण जगात कुठे आहोत ते पाहून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २४ देशांत घरोघर पाहण्या झाल्या. त्यांचा २०१३ साली छापून आलेला हिशेब सांगतो की, मनाच्या तक्रारीसाठी उपचार घेणाऱ्या शंभरातले जवळपास ३२ जण ते मध्येच सोडतात. श्रीमंत देशांत २६, गरीब देशांत ३८ आणि या दोहोंच्या मधल्या, बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेल्या देशांत ४५. म्हणजे पैसा आला की माणूस उपचार पुरे करतो, असा सरळ हिशेब नाही. एक गोष्ट मात्र नवशिक्याने लक्षात ठेवावी: जे थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जातात त्यांच्यातले २१-२२ च गळतात, आणि हा आकडा गरीब-श्रीमंत सगळीकडे साधारण सारखा. बाकीच्या दारांतून गळती जास्त. तेव्हा सोडायचेच असेल तर तज्ज्ञाकडे न गेलेले बरे.

आपल्याकडची अडचण आणखी वेगळी. सोडण्यासाठी आधी सुरू करावे लागते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १२ राज्ये होती. गुजरात त्यांत होते, महाराष्ट्र नव्हते. ज्यांना उपचारांची गरज होती त्यांच्यातले ७० ते ९२ टक्के लोक, आजार कोणता त्याप्रमाणे, उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. जो पोचला तोच आमच्या वर्गात बसायला पात्र.

आमचा विद्यार्थी लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा यांपैकी कुठेतरी राहतो. मूळ गाव शिरपूर, साक्री, अमळनेर नाहीतर नंदुरबारकडचे. घरात अहिराणी, भाजीवाल्याशी गुजराती, कारखान्यात हिंदी. स्वतः लूमवर, बायको घरबसल्या साड्यांना लेस लावते. गल्लीत त्यांना जिभाऊ म्हणतात, आपणही तेच म्हणू. जिभाऊंची झोप उडाली, जेवण तुटले, छातीत धडधडू लागले. गल्लीतल्या डॉक्टरने सलाईन लावले, मग अ‍ॅसिडिटीची गोळी दिली, मग ईसीजी काढायला लावला. ईसीजी नॉर्मल आला तेव्हा घरात पेढे वाटायचेच बाकी होते. धडधड चालूच. शेवटी कोणीतरी हळूच म्हणाले, मजुरा गेटला नव्या सिव्हिलमध्ये जा, नाहीतर महापालिकेच्या स्मीमेरला, तिथे डोक्याचा विभाग आहे. जिभाऊ गेले. केस पेपर निघाला. प्रवेश पक्का.

धडा पहिला: कोणाला सांगू नये

पहिल्याच दिवशी ठरवावे की ही गोष्ट घराबाहेर जाणार नाही, आणि जमल्यास घरातही येणार नाही. बायकोला सांगावे, नसांचा डॉक्टर आहे. शेजाऱ्याला सांगावे, मणक्याचे दुखणे आहे. गोळ्या पट्टीतून काढून साध्या पुडीत बांधाव्यात, म्हणजे नाव वाचून मोबाइलवर शोधायला कोणी जाणार नाही. गावी तर पत्ता लागू देऊ नये. तिथे आपली बातमी आपल्या आधीच्या गाडीने पोचते.

लपवतात ते लाजेपोटी, असे लोक म्हणतात. असेलही. पण लपवण्याचा खरा फायदा पुढे मिळतो. जी गोळी चालू असल्याचे कोणाला माहीत नाही, ती बंद झाल्याचेही कोणाला कळत नाही. शुगरच्या गोळीबद्दल बायको विचारते, "घेतली का?" बीपीच्या गोळीवरून मुलगी ओरडते. या गोळीची चौकशी करणारे कोणीच नसते, त्यामुळे ती सोडताना कोणाला तोंड द्यावे लागत नाही.

धडा दुसरा: पहिला आठवडा

फ्लुऑक्झेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही उदासीनतेवरची नेहमीची औषधे. त्यांचा एक स्वभाव नवशिक्याच्या फार कामाचा आहे. मळमळ, डोके जड होणे, पोट बिघडणे हे पहिल्या दोन-चार दिवसांतच हजर होते. गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. रिंगरोडच्या कापड बाजारात माल आधी जातो आणि पैसे सवडीने, चार हाका मारल्यावर येतात. इथे उलटे: पैसे आधी मोजा, मालाचे नंतर बघू. असल्या व्यवहाराला सुरतेत कोण तयार होईल? चौथ्या दिवशी गोळी बंद करावी आणि "मला ते औषध सूट झाले नाही" असे जाहीर करावे. हे वाक्य पाठ करून ठेवा, जन्मभर पुरते.

मळमळ बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरते, हे पहिल्या भेटीत कोणी सांगितले तर मात्र पंचाईत होते. सुदैवाने गर्दीच्या ओपीडीत तेवढी फुरसत क्वचितच असते. देशात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता वाट्याला येत नाही. दाराबाहेर जत्रा, आत दोन मिनिटे. त्यात जिभाऊंनी "जीव घाबरा व्हस" असे अहिराणीत सांगायचे, हिंदीत ऐकायचे आणि गुजरातीत मान डोलवायची.

याच औषधांनी काहींची शरीरसंबंधाची इच्छा मंदावते. हा दुष्परिणाम अजिबात दुर्मीळ नाही. औषध किंवा मात्रा बदलून बऱ्याचदा त्यावर इलाज निघतो. पण त्यासाठी तोंड उघडावे लागते, शेजारी मेव्हणा उभा असताना. जिभाऊ तोंड उघडत नाहीत, गोळी बंद करतात. अनुभवी लोक मूकपणे सोडतात ते याच धड्यावर.

धडा तिसरा: पाळी

आमच्या मते हा या पुस्तिकेतला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे, आणि शहाण्या लोकांच्या भाषणांत त्याचाच उल्लेख सर्वांत कमी असतो. जनजागृतीच्या फलकांवर 'मन मोकळे करा' असे लिहिलेले असते. मन मोकळे करायला सुट्टी कोण देणार, ते लिहिलेले नसते.

लूमवर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. मजुरी मीटरवर: जेवढे कापड उतरले तेवढे पैसे, घरी बसलात तर शून्य. सरकारी ओपीडी सकाळची. दिवसपाळी असेल तर मजुरी बुडते. रातपाळी असेल तर रात्रभर उभे राहून आलेला माणूस झोपायच्या वेळी रांगेत उभा राहतो, आणि तक्रार काय, तर झोप लागत नाही. आधी केस पेपरची रांग, मग डॉक्टरांची, मग औषधाच्या खिडकीची. औषध फुकट मिळते, हे खरे आहे आणि फार चांगले आहे. पण थोड्याथोड्या दिवसांचेच मिळते, म्हणून दर खेपेला एक दिवस कापला जातो. शेठ पहिल्यांदा काही बोलत नाही. दुसऱ्यांदा "तबियत कैसी है" म्हणून विचारतो. तिसऱ्यांदा त्या यंत्रांवर दुसरा कारागीर उभा दिसतो.

आता चिठ्ठी वाचा. 'रात्री झोपताना एक.' जिभाऊंची रात्र कोणती? पाळी फिरती आहे. काही दिवस त्यांची रात्र रात्री असते, काही दिवस सकाळी आठला सुरू होते. चिठ्ठीचे ऐकून नऊ वाजता गोळी घेतली तर मध्यरात्री लूमसमोर डोळे मिटतात, आणि चालत्या यंत्रापुढे पेंगणाऱ्याच्या बोटांचे काय होते हे सुरतेत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जिभाऊ रातपाळीच्या आठवड्यात गोळी घेतच नाहीत. मग दिवसपाळी लागली की पुन्हा सुरू करतात. मग सलग घेतली नाही म्हणून गुण येत नाही, आणि गुण येत नाही म्हणून सोडतात. वागणे अगदी तर्कशुद्ध आहे. कित्येक गोळ्या सकाळी घेतल्या तरी चालतात, कमी गुंगीच्या दुसऱ्या असतात, वेळ बदलून मिळते. फक्त ते विचारायला आणखी एक दिवस बुडवावा लागतो.

या माणसाला केस पेपरवर 'औषध नियमित घेत नाही' असा शेरा मिळतो. ओपीडी संध्याकाळी का नसते, असा शेरा कुठल्या कागदावर मारतात ते आम्हाला सापडलेले नाही.

धडा चौथा: बरे वाटताच

तरीही काही हट्टी लोक टिकतात. त्यांच्यासाठी हा धडा. दोन महिन्यांनी जिभाऊंना झोप लागू लागते, भाकरी गोड लागते, एक दिवस ते चहावाल्याशी भांडतातसुद्धा. घरात आनंद. हाच मुहूर्त. ताप उतरला की गोळी बंद, हे आपण लहानपणापासून शिकलो आहोत, तेच इथे लावावे. पहिल्याच खेपेची उदासीनता असेल तरी बरे वाटल्यानंतर आणखी सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे, असे डॉक्टर सांगतात. वारंवार येणारी असेल तर त्याहून जास्त. बरे असताना गोळी कशाला, असा बिनतोड प्रश्न विचारून हे उडवून लावता येते.

इथे थोडा वेळ थट्टा बाजूला ठेवतो. ज्यांना उन्माद आणि उदासी आलटून पालटून येतात, जे लिथियमवर आहेत किंवा ज्यांना स्किझोफ्रेनिया आहे, त्यांनी हा धडा वाचू नये. लिथियम अचानक तोडले तर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो, आणि उलटलेला आजार माणसाला कधीकधी पोलीस चौकीतून दवाखान्यात आणतो.

धडा पाचवा: मेव्हण्याचा सल्ला

"सवय लागेल" हे दोन शब्द उच्चारण्यासाठी प्रत्येक कुटुंबात एक मेव्हणा नेमलेला असतो. तो कधी वर्तमानपत्र वाचतो, कधी मेडिकलवर बसतो. त्याच्या सल्ल्याने जिभाऊंनी मुख्य औषध एका दिवसात तोडावे. मग चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात वीज चमकल्यासारखे होते. मेव्हणा म्हणतो, "बघा, सांगितले नव्हते? सवय लागलीच होती." अचानक तोडल्याने शरीर कुरकुरते, म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. त्या गोळीची चटक लागत नाही आणि मात्रा वाढवत न्यावी लागत नाही, पण हे सांगायला मेव्हणा थांबत नाही.

खरी गंमत पुढे आहे. त्या चिठ्ठीवर झोपेची एक बारीक गोळी होती, क्लोनाझेपाम किंवा तिची बहीण. डॉक्टरांनी ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरती लिहिली होती, कारण सवय लागते ती हिचीच. तीच एक जिभाऊ चालू ठेवतात. जुनी चिठ्ठी घडी पडून फाटली तरी मेडिकलवाला ओळखीने देतो. सवयीच्या धास्तीने बिनसवयीची सोडली आणि सवयीची धरली, असे हजारो जिभाऊ सुरतेपासून सोलापूरपर्यंत नांदत आहेत. त्यांना कोणी विचारले तर ते म्हणतात, "आता काही ट्रीटमेंट नाही, फक्त झोपेची एक घेतो."

धडा सहावा: आखाजी

उपचारांत खंड पाडण्यासाठी खानदेशाने सुरतकराला दिलेली देणगी म्हणजे आखाजी. अक्षय्य तृतीयेला गावी गेलेच पाहिजे. त्याला जोडून लग्नसराई, म्हणजे काही आठवड्यांचा बेत. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत लेकरे, पिशव्या, मामीसाठी साडी, सगळे चढते. गोळ्या उधन्याच्या खोलीत फळीवर राहतात. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या मिळतीलच असे नाही, आणि तालुक्याच्या मेडिकलवर मागायला जावे तर काउंटरमागे चुलतभाऊ.

गावात मुक्काम वाढला की कोणीतरी चेहरा पाहून निदान करते: बाहेरचे आहे. मग भगत, उतारा, लिंबू. शिकलेल्यांचा इथे फार संताप होतो. आमचा तितका होत नाही. भगत घरी येतो, अर्धा तास बसतो, घरच्या सगळ्यांना समोर बसवतो आणि दोष रोग्याचा नाही असे सांगतो. यातली एक तरी गोष्ट ओपीडीत होते का? मेहसाणा जिल्ह्यात उनाव्याला मीरा दातारचा दर्गा आहे. गुजरातभरातून आणि खानदेशातूनही लोक तिथे 'लागलेले' उतरवायला जातात. तिथे 'दवा-दुआ' नावाने काम उभे राहिले. मुजावरांना विश्वासात घेतले, मानसोपचाराचे डॉक्टर दर्ग्याशेजारीच बसले, आणि दुआ सोडा असे कोणी म्हटले नाही. असे प्रकार वाढले तर या धड्याचे काही खरे नाही.

मुलींसाठी वेगळे काही सांगायची गरज नाही, त्यांचे उपचार दुसरे लोक सोडवतात. स्थळे येऊ लागली की आई गोळ्या बंद करते. लग्नानंतर सासूला पट्टी सापडली की सासू बंद करते. १९५५ सालच्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून लिहिलेले आहे. तो आजार असा असावा लागतो की जोडीदाराने सोबत राहावे अशी अपेक्षाच वाजवीपणे करता येऊ नये. एवढी अट वाचतो कोण? केस पेपर उद्या कोर्टात जाईल, एवढ्या भीतीने तो चुलीत जातो. दिवस राहिल्याचे कळले की उरलेसुरले औषध त्याच संध्याकाळी तुटते. काही औषधे, व्हॅलप्रोएटसारखी, गरोदरपणात खरोखर धोक्याची आहेत, तर काही चालू ठेवणेच आईच्या हिताचे असते. कोणते औषध कोणत्या यादीत, हे डॉक्टरला विचारायचे राहून जाते.

परदेशी शाखा

ज्यांची मुले अमेरिकेत एडिसनला आहेत त्यांनी निराश होऊ नये. नातवाला सांभाळायला सहा महिन्यांसाठी गेलेल्या आजीबाईंच्या गोळ्या चौथ्या महिन्यात संपतात. तिथे भारतीय चिठ्ठी चालत नाही, नव्या डॉक्टरला दाखवायचे तर खर्च ऐकून त्या म्हणतात, "आता बरी आहे मी." मुलाची अडचण वेगळी. विम्याच्या यादीतला समुपदेशक मिळेपर्यंत महिने जातात. मिळाल्यावर त्याला समजावून सांगावे लागते की धुळ्यातल्या चुलत्याचे कर्ज हा आपल्या झोपेचा प्रश्न कसा होतो. तिसऱ्या भेटीनंतर मुलगा मीटिंगचे निमित्त करतो. लंडनला खर्च सरकार करते आणि माणूस रांगेत सोडून देतो.

मार्गातील अडथळे

वर सांगितलेले सगळे नीट केले तरी काही कारणांनी बेत फसतो. सोबत येणारे एक माणूस असेल तर फसतो. नवरा-बायको दोघांना एकदाच बसवून कोणी सांगितले की औषध साधारण किती महिने चालेल आणि पहिला आठवडा कसा जाईल, तर जवळपास नक्की फसतो. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबरही त्रासदायक आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला तो सुरू झाला. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येते, गुजरातीतही. रातपाळीवरून सुटून पहाटे लावला तरी उचलतात, हे तर फारच वाईट.

सर्वांत मोठा अडथळा, म्हणजे गळलेल्याचा पाठपुरावा, अजून सुरतेत फारसा आलेला नाही, म्हणून नवशिक्याने निश्चिंत असावे. क्षयाची गोळी चुकवून पाहा. आरोग्य कर्मचारी पत्ता शोधत दारात येतो, फोन येतो, कुठे गेलात म्हणून विचारणा होते. कारण तुमचा खोकला गल्लीत पसरतो. उदासी पसरत नाही, असा सरकारी समज आहे. मनाच्या ओपीडीतून जिभाऊ गळले तर त्या दिवशीची रांग एका माणसाने लहान होते, आणि लहान रांगेबद्दल आजवर कोणीही तक्रार केलेली नाही. कागदोपत्री मात्र 'सोडले' हे क्रियापद जिभाऊंच्याच नावावर चढते.

परत जाण्याची इच्छा झाल्यास

असे होऊ शकते. पाच-सहा महिन्यांनी धडधड पुन्हा सुरू होते आणि शिकलेले सगळे विसरावेसे वाटते. अशा वेळी फळीवरची जुनी पट्टी काढून स्वतःहून पूर्ण मात्रा सुरू करू नये. पट्टी फक्त दाखवायला सोबत न्यावी. केस पेपर चुलीत गेला असेल तर नवा निघतो, त्यासाठी जुन्याचा पत्ता विचारत नाहीत. पाळीची वेळ आधी सांगावी, मळमळीचेही सांगावे, आणि मेव्हण्याला पान खायला बाहेर पाठवून उरलेले सांगावे. झोपेची गोळी चालू आहे हे लपवू नये, तीच सर्वांत कामाची माहिती असते. डॉक्टर रागावतील या भीतीने थांबू नका. हे सहाही धडे त्यांना आपल्याहून चांगले पाठ आहेत. ते बहुधा एवढेच विचारतात, "कधीपासून बंद आहे?" तारीख आठवत नसेल तर आखाजीच्या आधी की नंतर, एवढे सांगितले तरी चालते.